नानांना शाल घातली तेव्हा

मी माझ्या वडिलांना गावच्या नाटकातून काढून टाकलं. काढलं ते काढलं, वर सगळ्या गावासमोर शाल-नारळ देऊन काढलं, म्हणजे त्यांना रागावायचीही सोय ठेवली नाही. तेव्हा माझं वय एकवीस होतं आणि पुण्यात एक महिन्याचं नाट्यशिबीर करून मी नुकताच परतलो होतो. एक महिन्याचं शिबीर केलेल्या माणसापासून जगाला जेवढा धोका असतो तेवढा सहा वर्षं शिकलेल्यापासून नसतो. हे मी आता शिबिरं घेणारा माणूस म्हणून सांगतो आहे.

नाना एस.टी.त कंडक्टर. महाड डेपो. त्यांची बहुतेक ड्युटी आमच्याच गावच्या मुक्कामी गाडीवर असायची. महाडहून निघालेली गाडी पोलादपूर सोडून आत वळली, की पुढे शेवटचा थांबा आमचं गाव. त्याच्या पुढे रस्ताच नव्हता. गाडी देवळापुढे उभी राहायची, ड्रायव्हर देवळाच्या ओट्यावर झोपायचा आणि नाना घरी. घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. पडवीच्या खुंटीला खाकी सदरा लागला की आई चुलीवर भाकरीसाठी मातीची खापरी ठेवायची. आमच्याकडे भाकरी तांदळाची, सोबत कुळथाची पिठी आणि तव्यावर भाजलेली सुकट, तिचा वास चौथ्या घरापर्यंत जायचा. भाकरी थापल्याचा पटपट आवाज आतून यायचा आणि बाहेरून नानांच्या पंचचा टिक-टिक. हा पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. डेपोनं मोडीत काढलेला एक जुना पंच नानांनी मागून आणला होता. त्याला भोक पाडता यायचं नाही, आवाज तेवढा व्हायचा. नाना विचार करत असले की हात त्या पंचवर. आई म्हणायची, "लोकांचे वडील जपमाळ वढतात, तुजा बाप पंच वाजवतो."

या पंचची खरी नोकरी नाटकात होती. आमच्या गावात दर वर्षी चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नाटक व्हायचं, आणि नाना गेली वीस-बावीस वर्षं त्याचे प्रॉम्प्टर होते. विंगेत पाटावर मांडी घालून बसायचे, मांडीवर वही, हातात पंच. नाटकातल्या कुणालाही एक ओळ पाठ नसायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. नाना ओळ द्यायचे, नट ती घ्यायचा आणि लोकांपुढे फेकायचा. बसमधल्या गर्दीत "पुढे सरका" म्हणून म्हणून नानांचा आवाज असा तयार झाला होता, की ज्याला ऐकू जायला हवं त्यालाच जायचा. पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. आणि पंचची भाषा म्हणजे बसच्या घंटीची. एकदा टिक केलं की थांब. दोनदा टिक-टिक केलं की सोड गाडी.

आमचं नाटक दिवसा व्हायचं. दुपारच्या जेवणानंतर, कापणी झालेल्या शेतात, बांधाला लागून उभारलेल्या मांडवात. आजूबाजूच्या गावांतून, पार शिवथरकडूनसुद्धा लोक यायचे आणि हसायचे, की तुमच्या नटांचे डोळे सगळे मिचमिचे का? तर पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर यायचं. पण दिवसा करायला कारण होतं. डोंगरावर आमच्याच गावची वरची वाडी. तीस-पस्तीस घरं. तिथली झाडून सगळी माणसं नाटकाला खाली उतरायची, आणि अंधाराच्या आत त्यांना परत चढायचं असायचं. वाटेत कड्याला चिकटून जाणारा एक टप्पा आहे, तिथे पोर कडेवर घेऊन बाईनं अंधारात जाऊ नये, असा नियम होता. नियम कशावरून झाला ते गावात कुणी बोलत नसे. तर पश्चिमेच्या सुळक्याची सावली शेतातून सरकत सरकत बांधावरच्या आंब्याला टेकली, की वरच्या वाडीनं उठायचं. त्याआधी नाटक संपलं पाहिजे. आणि ते संपायचं. वीस-बावीस वर्षांत वरच्या वाडीनं शेवट बघितला नाही असं एकदाही झालं नव्हतं. कसं संपायचं, हा प्रश्न मला पडला नाही. शिबिरात तो नव्हता.

(आता वरच्या वाडीला डांबरी रस्ता आहे. टमटम जाते. नाटक रात्री होतं, दिव्यांच्या झगमगाटात, आणि वाडीतली निम्मी माणसं मुंबईहून ते मोबाईलवर बघतात. शेवट चुकला तर मागे ओढून बघतात. सोय झाली, यात वाद नाही.)

शिबिरातल्या सरांनी निघताना मला बोलावून पत्र दिलं होतं, आमच्या संस्थेत ये, राहायची व्यवस्था करू, काम शिक. मी ते पत्र खिशात घालून घरी आलो. इकडे मामांनी महाडच्या एमायडीसीतल्या एका कारखान्यात माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. जत्रा झाली की रुजू व्हायचं. नानांनी पत्र वाचलं, उलटं करून पाठीमागे काही आहे का तेही बघितलं आणि म्हणाले, "यंदाचं गावचं नाटक तू बशीव. पार पाड नीट. मग बघू पुण्याचं." बघू म्हणजे बघू. नानांच्या 'बघू'त हो आणि नाही दोन्ही मावायचं. पण दार उघडं होतं आणि ते उघडं ठेवायचं माझ्या हातात होतं. म्हणून मी पहिलं काम हे केलं, की नानांनाच काढलं.

सरांचं एक वाक्य मला पाठ होतं: प्रॉम्प्टर ही नटाची कुबडी आहे. मी ते देवळातल्या पहिल्या तालमीत म्हणून दाखवलं. खलनायकाचं काम करायचे पांडूदादा, गिरणीवाले. पीठ त्यांच्या भुवयांवर बारा महिने असायचं, त्यामुळे म्हाताऱ्याचं काम दिलं तर रंग वाचायचा. ते म्हणाले, "म्हंजे, पाठ करायचं? आमी?"

"सगळ्यांनी. शब्द न् शब्द."

"आनि नाना काय करनार?"

"नानांचा आपण सत्कार करू," मी म्हणालो. "एवढी वर्षं त्यांनी सेवा केली. यंदा त्यांनी समोर खुर्चीवर बसून नाटक बघायचं."

सगळे खाली बघायला लागले. मला वाटलं, भारावले. नाना कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पंच एकदाच वाजवला. टिक. म्हणजे थांब. मी थांबलो नाही.

दीड महिना मी त्या भल्या माणसांना पिळून काढलं. शिबिरात शिकलेलं सगळं करून घेतलं. देवळात गोल फिरा, श्वासाकडे लक्ष द्या, झाड व्हा. पांडूदादांनी विचारलं, "कंचं झाड? आंबा का साग?" मी म्हणालो, "तुमच्या मनातलं." ते तासभर एका जागी उभे राहिले आणि मग म्हणाले, साग झालो होतो, पाण्यावाचून हाल झाले. बहिणीचं काम करणारा नामदेव, सुतार, त्याची मिशी जत्रेच्या आदल्या दिवशी उतरवायची असं ठरलेलं असायचं. मी ती दीड महिना आधी उतरवायला लावली, भूमिका अंगात भिनावी म्हणून. त्याची बायको आठ दिवस माझ्या आईशी बोलली नाही.

आणि मी आणखी एक शहाणपणा केला. नाटकाची वही नानांची होती आणि तिची पार रया गेली होती. पानोपानी लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा. निळे कंस, काही कंसांत आणखी कंस. मध्येच लाल रेघ. समासात 'साधी', 'जलद', 'विनाथांबा' असं काहीबाही लिहिलेलं. मला वाटलं, ड्युटीच्या नोंदी असतील, वही दिसेल तिथे लिहायची नानांना सवय. मी सगळं नाटक स्वच्छ अक्षरात नव्या वहीत उतरवून काढलं, एकही खूण न ठेवता, आणि कार्बन लावून प्रत्येकाला त्याची प्रत दिली. जुनी वही आईनं फेकून न देता फडताळात ठेवली. तेवढी एक गोष्ट त्या दीड महिन्यात आमच्या घरात कुणीतरी योग्य केली.

पाठांतर मात्र झालं हो. हे मला माझ्या बाजूनं नोंदवायचं आहे. गिरणीत दळण टाकायला गेलं तर पट्ट्याच्या घरघरीवर पांडूदादांचा आवाज चढलेला असायचा, "या घराचा वासा न् वासा मी मोजून घेईन!" बायका दळण ठेवून लांब उभ्या राहायच्या. तिसऱ्या अंकातलं त्यांचं एक मोठं भाषण होतं, चांगलं सहा पानांचं. ते कधी पूर्ण झाल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. पांडूदादांनाही त्यात एवढं काय काय आहे ते त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. खूश झाले होते. म्हणाले, "वसंता, मी एवडा वंगाळ माणूस हाय, मला ठावंच नव्हतं."

जत्रा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी घरोघर फिरते आणि ती देवळात गेली की नाटक. त्या वर्षी मुंबईकर जास्त आले होते. प्रत्येकाला पालखी आपल्याच दारात नाचवायची होती आणि आपल्याच खांद्यावर. पालखी देवळात पोचेपर्यंत दुपारचे साडेतीन झाले. म्हणजे दीड तास उशीर. नाना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वश्या, गाडी लेट हाय."

मी म्हणालो, "नाना, तुम्ही आज पाहुणे. काळजी करायची नाही."

मग मी त्यांना मांडवापुढे नेलं, पहिल्या रांगेच्या मधोमध सरपंचांच्या घरची खुर्ची ठेवली होती तिच्यावर बसवलं आणि शाल घातली. चैत्रात. दुपारी साडेतीन वाजता. उन्हात. नारळ दिला. टाळ्या झाल्या. नाना मांडीवर नारळ घेऊन बसले, मुक्कामाच्या गाडीत सामान कुणाचं ते कळेना म्हणून कंडक्टर घेऊन बसतो तसे.

पहिला अंक असा झाला, की मी विंगेत उभ्या उभ्या पुण्याला पोचलो. कुणी अडखळेना, कुणी विंगेकडे बघेना. लोक चकित. मुंबईकर एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मी फटीतून नानांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येकाची प्रत्येक ओळ ते मनात देत होते आणि नटाच्या आधी अर्धा श्वास संपवत होते. मला वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, बघा म्हणावं.

दुसरा अंक संपला आणि मी पहिल्यांदा आंब्याकडे बघितलं. सावली शेताच्या मध्यावर होती. आंबा तिच्यापासून असा किती, चार वाफे. तिसरा अंक पाऊण तासाचा. मी विंगेत सगळ्यांना म्हणालो, "जरा आटोपशीर घ्या."

"म्हंजे कसं?" नामदेव म्हणाला. तो लुगडं नेसून तयार होता.

"म्हणजे थोडं गाळा."

"काय गाळू?"

आणि तिथे मला कळलं, की मला माहीत नाही. काय गाळायचं हे त्या नाटकात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो समोर शाल पांघरून घामाघूम बसला होता. ते निळे कंस, त्या लाल रेघा, साधी, जलद, विनाथांबा! पालखी वेळेवर आली तर साधी गाडी, सगळे थांबे घेत. उशीर झाला तर जलद. फारच झाला तर विनाथांबा. कुठलं बोलणं उडवलं तरी गोष्ट तुटत नाही आणि कुठली ओळ मेलं तरी सोडायची नाही, हे नाना दर वर्षी विंगेत बसून, सावलीकडे बघत, त्या त्या क्षणी ठरवत होते. नटांना पाठ नव्हतं म्हणूनच त्यांना वळवता येत होतं. मी सगळ्यांना रुळावर चढवून ठेवलं होतं. आज मला लोक ड्रामाटर्ग म्हणून बोलावतात. लेखकाला सांगायचं, की तुमचं हे पान नाटकाला नको आहे, आणि त्याबद्दल त्याच्या शिव्या आणि संस्थेचं मानधन घ्यायचं, असं ते काम. या कामाचा वर्ग आमच्या घरात वीस वर्षं फुकट चालला होता आणि मी त्या वर्गाची वही फडताळात टाकायला दिली होती.

तोवर पांडूदादांनी सहा पानं सुरू केली होती. सावली दोन वाफ्यांवर. मी विंगेतून म्हटलं, "दादा, पुढचं सोडा." त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. ते भाषण थांबवून सरळ विंगेपाशी आले.

"काय रं?"

"पुढचं सोडा, शेवटावर या."

"सोडू? दीड महिना पाठ केलंय. बायकोला म्हनून दाखवलंय. ती समोर बसलीया." आणि मागे वळून मांडवाच्या मध्यावर गेले, तोंड उघडलं आणि थांबले. तेराचा पाढा मध्येच तोडला तर माणूस जिथे सुटला तिथून पुढे जात नाही, तेरा एके तेरावर येतो. पांडूदादांनी हात वर केला आणि पहिल्या पानापासून सुरू केलं, "या घराचा वासा न् वासा मी मोजून घेईन!"

सावली आंब्याच्या बुंध्याला टेकली. वरच्या वाडीची माणसं उठायला लागली. पोरं खांद्यावर गेली, गाठोडी डोक्यावर. कुणी आरडाओरडा केला नाही, तेच वाईट होतं. त्यांच्यात एक सखूकाकी होत्या. नवरा गेल्यापासून दोन लेकरं आणि शेळ्या सांभाळून राहायच्या. हुंदके देऊन रडायला त्या वर्षातून एकदाच खाली यायच्या. नाटकाच्या शेवटी घराबाहेर काढलेली बहीण भावाला भेटते, तिथे. त्या उठल्या, चार पावलं गेल्या आणि परत फिरून भर मांडवात पांडूदादांना म्हणाल्या, "आरं बाबा, तुजं वासं मागनं मोज. ती बहीन मेली का जगली तेवडं सांग, म्हंजे आमी जातो!"

कुणी हसलं नाही. पांडूदादांचा हात वरच्या वर राहिला.

आणि टिक-टिक ऐकू आलं.

नाना उभे राहिले होते. नारळ खुर्चीत ठेवला होता. पंच त्यांच्या खिशात होताच, शाल घालून घ्यायला येतानाही होता. ते विंगेत आले नाहीत, तेवढा वेळच नव्हता. मांडवापुढे, लोकांकडे पाठ करून, सगळ्यांच्या देखत उभे राहिले आणि ओळ दिली. त्या ओळीला पांडूदादा असे वळले, जशी घाटात गाडी वळते. साडेपाच पानं गेली. हवालदाराचा प्रवेश गेला, हवालदार विंगेत पट्टा आवळतच राहिला. टिक-टिक. भाऊ आत आला. टिक-टिक. नामदेवला वाटलं होतं अजून पंधरा मिनिटं आहेत, तो विडी ओढत होता. ती फेकून धावला आणि धावताना लुगड्यात अडकून भावाच्या पायाशीच पडला, आणि नानांनी त्याला तिथेच ठेवला, उठायची ओळच दिली नाही. बहिणीच्या सहा ओळी. भावाच्या चार. आणि मग एकच टिक. थांब. सगळे थांबले. भाऊ खाली वाकलेला, बहीण पायाशी, आणि कुणी काही बोलेना. ती शांतता कुठल्याच वहीत नव्हती. मी नंतर चाळीस वर्षं निरनिराळ्या रंगमंचांवर ती मिळवायचा प्रयत्न केला. दोनदा मिळाली.

सखूकाकी पोटभर रडल्या. पदरानं नाक पुसलं, "जगली गो," असं मागच्या बाईला सांगितलं आणि वाटेला लागल्या. वरची वाडी एका ओळीत डोंगर चढायला लागली. शेवटचं गाठोडं कड्याच्या पलीकडे दिसेनासं होईपर्यंत नाना तिकडे बघत उभे होते. पंच हातात. मग खिशात घातला.

घरी आई वाट बघत होती. जत्रेचं मटण, भाकरी, कांदा. नाना हातपाय धुऊन बसले. शालीची घडी घातली, कडेला कड मिळवून, आणि आईपुढे ठेवली. "ही नीट ठेव गो. त्याला आनि कुनाला काढायचं झालं तर लागंल."

आई माझ्याकडे न बघता भाकरी थापत राहिली, पण थापण्याचा आवाज चुकला. मी ताटातल्या रश्श्यात बघत बसलो. मनात कारखान्याचं दार दिसत होतं. शेवटी मीच म्हणालो, "नाना, चुकलं माझं. मामांना सांगा, मी रुजू होतो."

नानांनी नळीतला गीर ताटात ठोकून काढला, खाल्ला, बोटं चाटली.

"पुन्याला जा तू," ते म्हणाले. "तिथं लाईट असते, आनि कुनाला डोंगर चढून घरी जायाचं नसतंय. तुज्यासारख्याचं तिथंच भागंल."